'आपत्ति' म्हणजे हरकत : जामसांवलीच्या ग्रामसभेची भाषा

काही वर्षांपूर्वी सौंसर तालुक्यातील एका गावचे वयोवृद्ध शेतकरी घडी घातलेला एक कागद घेऊन माझ्याकडे आले. गावच्या रस्त्यासाठी त्यांच्या धुऱ्यालगतची जागा जाणार होती. ज्यांना या कामाविषयी 'आपत्ति' असेल त्यांनी ती पंधरा दिवसांत सादर करावी, असे त्या कागदावर लिहिले होते. त्यांनी तो नातवाकडून वाचून घेतला होता. शब्द ऐकल्यावर त्यांची अशी समजूत झाली, की गारपिटीची आपत्ती ज्यांच्यावर कोसळली त्यांच्यासाठी ही सूचना आहे. "आपल्या बगीच्यात तं औंदा गारा पडल्याच नाही वकीलसाहेब, मंग मी कायले अर्ज देऊ?" असे ते मला म्हणाले. तोवर मुदत संपून महिना झाला होता.

हिंदीत 'आपत्ति' म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. हिंदीत 'हरकत' म्हणजे खोडी. मराठीत हरकत म्हणजे कायदेशीर विरोध. हिंदीतील 'शिक्षा समिति' मुलांना शिकविते. मराठी कानाला ती दंड देणारी वाटते. हिंदी न्यायालयात 'राजीनामा' म्हणजे उभयपक्षी तडजोड. मराठी माणूस तो पद सोडण्याचा कागद समजतो. 'संशोधन' म्हणजे तिकडे दुरुस्ती, इकडे शास्त्रीय शोध. लिपी एक, शब्द एक, पण अर्थ दोन. अनोळखी भाषेतला कागद हाती आला तर माणूस निदान कोणाला तरी विचारतो. हा कागद त्याला ओळखीचा वाटतो, म्हणून तो विचारीत नाही, आणि त्याचे नुकसान तेथेच होते.

जामसांवलीविषयी लिहिताना ही हकीकत आरंभी सांगितली, त्यास कारण आहे. पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीमुळे हे लहानसे गाव नागपूर, काटोल, नरखेड, वरूड, सावनेर या भागांतील वाचकांना परिचित आहे. मंगळवारी आणि शनिवारी विदर्भातून येणाऱ्या भाविकांची रीघ, त्यांच्याशी मराठीत बोलणारे नारळ-फुलांचे दुकानदार, मराठीतच नवस फेडणाऱ्या म्हाताऱ्या हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. मराठीत आपण त्या गावाला 'जामसावळी' म्हणतो आणि लिहितो. पाटीवर मात्र 'ळ' नाही. एका अक्षराच्या या गळतीकडे मी फार तक्रारीच्या सुरात पाहत नाही. पाटीपेक्षा मोठा प्रश्न गावाच्या कार्यवाही पंजीत, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये जामसांवलीत 'श्री हनुमान लोक' या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले आणि त्याच वेळी पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन तो जिल्हा अस्तित्वात आला. उज्जैनच्या 'महाकाल लोक'च्या धर्तीवर एखाद्या खेड्यात एवढे बांधकाम उभे राहते, तेव्हा मंदिराबरोबर सारे गाव बदलते. वाहनतळ कोठे होणार, जुन्या दुकानदारांना नव्या रचनेत जागा मिळणार का, भाविकांच्या गर्दीत गावाच्या नळाला पाणी किती येणार, कचरा आणि सांडपाणी नदीत जाणार की अन्यत्र, शेतात जाण्याची वहिवाटीची वाट राहणार का, असे प्रश्न निघतात. तीर्थक्षेत्राचा विकास ज्या ज्या गावी झाला, त्या त्या गावाला हेच प्रश्न पडले आहेत. त्यांची उत्तरे गावाने द्यायची तर गावापाशी एकच घटनात्मक जागा आहे. ती ग्रामसभा होय.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने संविधानात आणलेल्या २४३-अ या अनुच्छेदात ग्रामसभेचा उल्लेख आहे. मध्य प्रदेशाने १९९३ चा पंचायत राज अधिनियम केला आणि २००१ मध्ये त्यास 'ग्राम स्वराज'ची जोड देऊन प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा दिली. लोकसभा, विधानसभा, जिल्हा आणि जनपद पंचायत या सर्व ठिकाणी आपण दुसऱ्याला पाठवितो. ग्रामसभेत मात्र मतदार स्वतः बसतो. तो तेथे प्रतिनिधी नसून सदस्य असतो. म्हणून तेथे त्याची भाषा अडली, की त्याचा अधिकारच अडतो.

आपल्या गावांतील सभा पाहा. चर्चा मराठीत होते, तीही वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या खणखणीत मराठीत. भांडणही मराठीत होते. पण सूचना हिंदीत येते, विषयपत्रिका हिंदीत असते, ठराव हिंदीत लिहिला जातो, आणि शेवटी सह्या व अंगठे त्या हिंदी मजकुराखाली घेतले जातात. जे बोलले गेले तेच लिहिले गेले काय, हे पडताळण्याची सोय वहीखाली अंगठा देणाऱ्या बाईला नसते. सचिव अप्रामाणिक असतो असे मी म्हणत नाही. बहुतेक सचिव याच मातीतले असतात आणि घरी मराठीच बोलतात. दोष रीतीचा आहे. पुढे वाद निर्माण झाला, की न्यायालयापुढे पुरावा म्हणून येते ती वही. सभेतले बोलणे येत नाही.

ही रीत अनादि नाही. जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या राज्यात, १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. १९५७ च्या राजभाषा अधिनियमानंतर सौंसर-पांढुर्ण्याच्या कचेऱ्यांत मराठीला जागा उरली नाही. माणसे तेथेच राहिली, शेते तेथेच राहिली. कागदाची भाषा तेवढी बदलली. त्या वेळी ज्यांनी लिहिणे-वाचणे मराठीतच शिकले होते, त्यांना कोणी काही विचारले नाही.

पुनर्रचनेच्या वेळी असा अन्याय होईल हे तत्कालीन राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. सप्टेंबर १९५६ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने भाषिक अल्पसंख्यकांच्या संरक्षणाचे ज्ञापन संसदेपुढे ठेवले. एखाद्या क्षेत्रात भाषिक अल्पसंख्यक पंधरा ते वीस टक्के असतील, तर महत्त्वाच्या शासकीय सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यात सुचविले आहे. एखाद्या जिल्ह्यात ते सत्तर टक्के किंवा अधिक असतील, तर त्या जिल्ह्याची राजभाषा त्यांचीच असावी, असेही त्यात म्हटले आहे. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने या धोरणाला दुजोरा दिला आणि सूचनांच्या प्रसिद्धीसाठी जिल्ह्याप्रमाणेच नगरपालिका व तहसील ही लहान क्षेत्रेही विचारात घेतली. हे ज्ञापन कायदा नव्हे, हे मी वकील म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. त्याच्या आधारे न्यायालयातून आदेश मिळविणे कठीण आहे. परंतु ते राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले धोरण आहे, आणि कोणत्याही जिल्हाधिकाऱ्यापुढे ते ठेवता येते.

नव्या जिल्ह्याचे महत्त्व येथेच आहे. अमरवाडा, तामिया, जुन्नारदेव अशा विस्तीर्ण हिंदी व गोंडी मुलखाच्या बेरजेत आपली मराठी जिल्ह्याच्या टक्केवारीत विरघळून जात असे. आता जिल्ह्याच्या सीमा मराठी वस्तीच्या बऱ्याच जवळ आल्या आहेत. जी मागणी छिंदवाड्यात अल्प वाटत होती, ती पांढुर्ण्यात दुर्लक्षिण्याजोगी राहिलेली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : "इथे सगळ्यांना हिंदी येते." येते, हे खरे. बाजारात, बसमध्ये, पोलीस ठाण्यात लागते तेवढी येते. पण बाजारातली हिंदी आणि कागदावरची हिंदी या निराळ्या आहेत; वर सांगितलेले आजोबा हिंदी उत्तम बोलत. आणि समजा, सर्वांना पुरेपूर येत असेल, तरीही प्रश्न मिटत नाही. इंग्लंडात १८९४ च्या कायद्याने लहान खेड्यांनाही पॅरिश कौन्सिल मिळाली. तेथे आजही दर वर्षी १ मार्च ते १ जून या काळात गावच्या सर्व मतदारांची सभा भरवावी लागते. शेजारच्या वेल्समध्ये इंग्रजी न समजणारा प्रौढ माणूस आज शोधूनही सापडणे अवघड. तरी २०११ च्या कायद्याने तेथे वेल्श भाषेला अधिकृत दर्जा दिला. माणसाला दुसरी भाषा येते, एवढ्यावरून त्याच्या पहिल्या भाषेचा हक्क बुडत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे.

दुसरा आक्षेप असा, की यातून हिंदी-मराठी तेढ वाढेल. याचे उत्तर आपल्याच सीमेपलीकडे, अकोला जिल्ह्यातील पातूर येथे मिळाले आहे. पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. ते काढावे, यासाठीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी निर्णय दिला, की स्थानिक संस्थेची राजभाषा मराठी असली तरी फलकावर तिच्या जोडीला उर्दू वापरण्यास कायद्याने मनाई नाही. राजभाषेच्या शेजारी दुसरी भाषा लिहिल्याने राजभाषेचा अवमान होत नाही, हे सूत्र पातूरला लागू आहे, तसे ते सौंसरलाही लागू व्हावयास हवे. २०१४ मध्ये उत्तर प्रदेशाच्या प्रकरणात घटनापीठानेही हिंदीच्या जोडीला दुसरी राजभाषा स्वीकारता येते, असे स्पष्ट केले आहे.

पातूरचे उदाहरण देताना महाराष्ट्रातील वाचकांपुढे एक कटू गोष्टही ठेवली पाहिजे. त्या निर्णयाने आपल्यापैकी अनेकांना राग आला होता. तिकडे उर्दूच्या चार अक्षरांनी मराठी धोक्यात येते, आणि इकडे मराठीच्या चार अक्षरांनी हिंदी धोक्यात येत नाही, असे दोन्ही एका तोंडाने म्हणता येणार नाही. मेळघाटातल्या कोरकू माणसाला त्याच्या ग्रामसभेत जे मिळावयास हवे, तेच मी जामसांवलीत मागतो आहे. आमच्याच जिल्ह्यातील गोंडी भाषकांचाही तोच हक्क आहे, आणि त्यांची अडचण आमच्यापेक्षा मोठी आहे.

मागणी काय, ती आता नेमकी सांगतो. ग्रामसभेची सूचना आणि विषयपत्रिका हिंदीबरोबर मराठीतही लावावी. सह्या घेण्यापूर्वी प्रत्येक ठराव सभेत मराठीत मोठ्याने वाचून, समजावून सांगावा, आणि 'मराठीत वाचून दाखविला' अशी नोंद वहीत करावी. जमीन, गाळे, पाणी व रस्ता यांविषयीच्या सूचनेत 'आपत्ति' या शब्दाशेजारी 'हरकत' हा शब्द असावा. यासाठी नवा कायदा नको, नवे पद नको; एक कागद आणि पंधरा मिनिटे पुरेत. हिंदीचा एकही शब्द काढावयाचा नाही.

आणि जे आजच करता येते, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. तेव्हा तुमचा अर्ज मराठीत लिहा, पोच घ्या, आणि "हिंदीत आणा" असे कोणी म्हटल्यास त्याने तसे लेखी द्यावे, अशी नम्र विनंती करा. माझा अनुभव असा, की लेखी देण्याची वेळ आली की अर्ज स्वीकारला जातो.

दुसरे काम जनगणनेचे. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येऊन मातृभाषा विचारील, तेव्हा "लिहा हिंदीच, काय फरक पडतो" असे म्हणू नका. फरक पडतो. पंधरा टक्के की सत्तर टक्के, हा हिशेब त्याच रकान्यातून होणार आहे. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. प्रगणकाने ती तुम्ही सांगाल तशीच नोंदवावयाची असते. वऱ्हाडी की नागपुरी या चर्चेत न पडता 'मराठी' असे स्पष्ट सांगा, आणि काय लिहिले ते पाहून घ्या. गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या भाषेचे जे नुकसान झाले, त्यातला बराच भाग कोणी लादलेला नाही. संकोचाने आपणच आपले नाव खोडले.

सीमेपलीकडील बंधुभगिनींकडे मागणे थोडके आहे. आपल्यातील निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, वकील यांनी हिंदी-मराठी पंचायत शब्दांची चार पानांची यादी करण्यास हात लावावा. 'आपत्ति' आणि 'राजीनामा' या दोन शब्दांनी तिची सुरुवात मी करून ठेवली आहे. आणि जामसांवलीस दर्शनाला याल तेव्हा घटकाभर गावातही फिरा. पंचायतीच्या भिंतीवर लावलेली सूचना वाचा आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिचा अर्थ विचारा. त्यांनी सांगितलेला अर्थ आणि लिहिलेला अर्थ यांत अंतर आढळले, तर ते मला अवश्य कळवा.