पूर्ण नाव सांग!

आपल्याकडे लहान मुलाला कुणीही विचारतं, "पूर्ण नाव सांग बघू." मग ते पोर एका दमात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव म्हणून मोकळं होतं. शाळेचा दाखला, दहावीचा फॉर्म, रेशनकार्ड, सगळीकडे हीच तीन डब्यांची आगगाडी. आईवडील विभक्त झाले, आईने दुसरं लग्न केलं की मधला डबा अडखळतो. शेजारच्या काकू सहज विचारतात, "आता बाबांचं नाव कुठलं लावतोस रे?" आठ वर्षांच्या मुलाने काय उत्तर द्यावं?

घटस्फोट बरा की वाईट, हा वाद इथे नको. परस्परसंमतीने विभक्त होण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. रोज भांड्यांची आदळआपट ऐकण्यापेक्षा दोन शांत घरं मुलाला मानवू शकतात. अडतं ते मोठ्यांच्या एका हट्टापाशी. नवं नातं जुळायचं तर जुनं पुसलं गेलंच पाहिजे, हा तो हट्ट.

मग अल्बममधले फोटो नाहीसे होतात. वडिलांकडच्या आजीचा फोन आला की "झोपलाय तो" असं सांगितलं जातं. लग्नाला महिना होत नाही तोच "काका नाही, बाबा म्हण" सुरू होतं. तिकडे वडिलांच्या घरी शनिवारची भेट संपताना उलटतपासणी: "तो माणूस तुला रागावत नाही ना?" फीचा निरोप, पोटगीचा टोमणा, सगळं पोराच्या दप्तरातून ये-जा करतं. पोस्टमनला निदान पगार तरी मिळतो!

परस्परसंमतीच्या घटस्फोटात कायदा पतिपत्नींना फेरविचारासाठी सहा महिने देतो. (ती मुदत माफही होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं.) मुलाला मात्र नवे बाबा, नवी खोली, नवी शाळा आणि आयती मिळालेली नवी ताई, हे सगळं एकाच उन्हाळ्याच्या सुट्टीत पचवायचं असतं.

आणि तो 'सावत्र' शब्द! २०२२ साली एका विधवेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. तिने पुनर्विवाह केला होता, आणि मुलाच्या कागदपत्रांत नव्या पतीची नोंद सावत्र वडील म्हणून करावी, असं उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश जवळजवळ क्रूर ठरवून रद्द केला. मुलाच्या मनाचा त्यात विचारच नाही, असं म्हटलं. तिथे वडील हयात नव्हते. घटस्फोटात ते हयात असतात, म्हणून नावाचा निर्णय अधिक जपून, मुलाच्या कलाने घ्यायला हवा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचंही नाव येतं. गाडी चार डब्यांची झाली, हे बरंच झालं.

सावत्र म्हटलं की आपल्याला कैकेयी आठवते, ध्रुवाला मांडीवरून उठवणारी सुरुची आठवते. माद्रीची मुलं वाढवणारी कुंती का आठवत नाही? चार भाऊ तळ्याकाठी मरून पडलेले असताना यक्षाने युधिष्ठिराला एकालाच परत मागायला सांगितलं, तेव्हा त्याने भीम किंवा अर्जुन मागितला नाही, नकुल मागितला. कुंतीचा एक मुलगा आहे, माद्रीचाही एक असू दे, म्हणाला. माद्रीचं आईपण त्या घरात कुणी पुसलं नव्हतं.

घरात करायचं ते फार अवघड नाही. वेगळं होणार हे शक्यतो दोघांनी मिळून मुलाला सांगावं, आणि "यात तुझी काही चूक नाही" हे स्पष्ट शब्दांत, पुन्हापुन्हा सांगावं. कारण मुलांना अनेकदा उलटच वाटत असतं. नव्याने आलेल्या माणसाने पहिलं वर्षभर तरी शिस्तीचा बडगा हाती घेऊ नये, ते काम जन्मदात्याकडेच ठेवावं. गणपती कुठे, दिवाळी कुठे, हे आधी ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवावं, म्हणजे ऐनवेळी पोराची ओढाताण होत नाही.

हाक कुठली मारायची, ते मात्र मुलावर सोडावं. कुणी काकाच म्हणत राहतो, कुणी एकाला बाबा आणि दुसऱ्याला पप्पा म्हणतो, कुणी नावापुढे नुसतं 'दादा' लावतो. शाळेच्या गॅदरिंगला दोनऐवजी तीन पास मागावे लागतील, आणि बाईंनी ते काही न विचारता द्यावेत.