पिक्चरमध्ये जात कशाला आणता?

शनिवार पेठेत चहाच्या टपरीवर उभे राहिले की पिक्चरचा विषय निघतोच. अप्पा बळवंत चौकात पुस्तके घ्यायला आलेली पोरे असोत की पेठेतले जुने रहिवासी, प्रत्येकाकडे मत तयार असते. गाणी मस्त, सेकंड हाफ रटाळ, पैसे वसूल. आम्ही कार्यकर्तेही त्यात मागे नसतो.

मागे आम्ही चौघे 'फुले' या चित्रपटावर असेच बोलत होतो. शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "पिक्चर ठीक आहे हो, पण जात कशाला मध्ये आणायची?" काका सज्जन होते, बोलण्यात राग नव्हता. सहज बोलून गेले. पण आमचे भांडण या 'सहज'शीच आहे.

'फुले' ११ एप्रिल २०२५ ला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला प्रदर्शित व्हायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले आणि तो २५ एप्रिलला आला. सेन्सॉर मंडळाने महार, मांग, पेशवाई हे शब्द काढायला सांगितले. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख होता, तिथे वर्षांचा आकडाच नको म्हणाले. कमरेला झाडू बांधलेल्या माणसाचे दृश्यही बदलायला लावले. आता हा झाडू आला कुठून? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मध्ये पेशव्यांची राजधानी असलेल्या पुण्याचे नाव घेऊनच तो लिहून ठेवला आहे. म्हणजे ज्या शहरात हे घडले, त्या शहराने ते पडद्यावर पाहू नये, अशी ही व्यवस्था! आणि मग आम्हालाच विचारायचे, जात कशाला आणता?

आता दुसरा चित्रपट आठवा. डिसेंबर २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या म्हणून याच पुण्यात निदर्शने झाली, कोथरूडमध्ये खेळ रद्द झाले. तेव्हा 'पिक्चर आहे, सोडून द्या' असे कोणी म्हणाले नाही. तेव्हा तो इतिहासाचा आणि घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न होता. त्या भव्य शनिवारवाड्यात पेशवाईतला अस्पृश्य आम्हाला तरी कुठे दिसला नाही. त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. पेशव्यांचे घर पडद्यावर आले की तो 'आपला इतिहास', आणि महाराचा झाडू आला की 'जातीय तेढ'. हा न्याय कुठला?

मित्रहो, यातून एकच गोष्ट कळते. पडद्यावर जात नेहमीच असते. ती ज्यांच्या सोयीची असते त्यांना दिसत नाही. नायकाचे आडनाव, त्याचा वाडा, त्याची भाषा, देवघरातली पूजा ही सगळी जातच आहे, पण तिला आपण 'संस्कृती' म्हणतो. आमचा नायक डुकरे पकडताना दिसला की मगच प्रेक्षकाला जात दिसते. 'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड म्हणून तर इतका लागला.

'सैराट' २०१६ मध्ये आला. अख्खा महाराष्ट्र 'झिंगाट'वर नाचला, आणि बाहेर पडताना म्हणाला, "शेवट तेवढा नको होता." अरे, तो शेवट होता म्हणून तर पिक्चर होता! पुढे २०१८ मध्ये हिंदीवाल्यांनी 'धडक' काढला. उदयपूर आले, महाल आले, जात मात्र अंग चोरून कोपऱ्यात बसली. प्रेक्षकांच्या सहज मतांचे बाजारात असेच होते. निर्माता ती ऐकतो आणि तेवढेच काढून टाकतो.

मग आम्ही आपल्या विषयावरचा प्रत्येक चित्रपट डोक्यावर घ्यायचा का? मुळीच नाही. 'फुले'मधले जोतीराव-सावित्रीबाईंचे सहजीवन आम्हाला भावले, पण काही प्रसंग पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखे उरकले आहेत. 'धडक २' मध्ये लॉ कॉलेजात होणारा अपमान जिव्हारी लागतो, पण नायकाचा रंग मेकअपने काळवंडवून त्याला दलित दाखवायची गरज काय होती? दलित काय रंगावरून ओळखतात? हे आपणच बोलले पाहिजे. आपले म्हणून वाईटाला चांगले म्हटले, तर आपल्या मताला किंमत राहणार नाही. पण चित्रपट फसला असे म्हणणे वेगळे आणि तो विषयच नको म्हणणे वेगळे. पहिली टीका असते, दुसरी बंदी.

आचार्य अत्र्यांनी १९५४ साली 'महात्मा फुले' काढला. त्याच्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब हजर होते आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. अत्रे जन्माने ब्राह्मण, सासवडचे. त्यांना जोतीरावांची अडचण झाली नाही. सत्तर वर्षांनंतर मात्र जोतीरावांच्या चित्रपटातल्या शब्दांना कात्री लागते. मग आपण पुढे गेलो की मागे आलो?

शनिवारवाड्यापासून भिडे वाड्याची जागा चालत दहा मिनिटांवर आहे. १८४८ मध्ये तिथे मुलींची शाळा भरली. तो मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. शनिवारवाडा पाहायला तिकीट काढून लोक येतात. भिडे वाड्याची गोष्ट सांगणारा पिक्चर आला की आपण तिकीट काढतो का? की मोबाईलवर फुकट आलेली क्लिप पाहून मत देतो?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पिक्चर पाहा, तिकीट काढून पाहा आणि बाहेर आल्यावर टपरीवर, ऑफिसात, नातेवाइकांत मोकळेपणाने बोला. गाण्यांवर बोला, अभिनयावर बोला आणि जातीवरही बोला. कोणी 'जात कशाला आणता' म्हणाले, तर शांतपणे सांगा, "काका, आम्ही आणली नाही. ती आधीपासून होतीच. तुम्हाला आज दिसली."

त्या दिवशी आम्ही काकांना हेच सांगितले. काका काही बोलले नाहीत. पण त्यांनी चहा संपवला आणि जाताना विचारले, "तो अत्र्यांचा पिक्चर कुठे बघायला मिळेल?"

जय जोती! जय भीम!