झटका बसला नाही, तरी रॅम जाऊ शकते

हिवाळ्यात माहूर गडाच्या परिसरात हवा कोरडी झाली की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. हीच स्थिर वीज संगणकाची रॅम, मदरबोर्ड खराब करते. माणसाला झटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. काही चिप 100 व्होल्टच्या आतच जातात. कधी पार्ट लगेच बंद पडतो, कधी काही महिन्यांनी. मग ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणायचे आणि गिऱ्हाइकाने पुन्हा पैसे मोजायचे!

दुरुस्तीच्या दुकानात अँटीस्टॅटिक मनगटपट्टा हवाच, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो काही शे रुपयांत मिळतो, रॅमला हजारो लागतात. अर्थिंगची सबब नको. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी ओततो कोण, हा प्रश्न वेगळाच. पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावली तरी हात आणि मशीन एका पातळीवर येतात.

घरी रॅम बदलताना प्लग काढा, त्या पत्र्याला हात लावा, रॅम कडेने धरा. चंदेरी पिशवीवर मात्र पार्ट ठेवू नका; संरक्षण मिळते ते पिशवीच्या आत.