यंत्र मोठे की रीत मोठी?

आमच्या वर्गातील एका गटाने यंदा प्रकल्पासाठी विमानाच्या प्रतिकृतीवर आदळणाऱ्या रडारलहरी कशा विखुरतात, याचे गणित संगणकावर मांडले. लहरींची वारंवारता दुप्पट करताच संगणक अडला. प्रयोगशाळेत एकच सूर निघाला, "मोठे यंत्र घ्या!" मला हा सूर पटत नाही.

कारण साधे आहे. १९६८ साली हॅरिंग्टन यांच्या ग्रंथाने रूढ केलेल्या 'मोमेंट' पद्धतीत पृष्ठभागाचे बारीक तुकडे पाडतात, एका तरंगलांबीत साधारण १०. प्रत्येक तुकड्यावरील प्रवाह ही अज्ञात राशी, आणि प्रत्येकाचा परिणाम इतर सर्वांवर. वारंवारता दुप्पट झाली की तुकडे चौपट, स्मृती १६ पट आणि निरसनाने समीकरणे सोडविण्याचा वेळ ६४ पट! अज्ञात राशी १ लाख असतील, तर कोष्टकात १,००० कोटी आकडे भरावे लागतात. येथे दुप्पट यंत्र काय पुरणार?

येल विद्यापीठात ग्रीनगार्ड व रॉखलिन यांनी १९८७ साली निराळी वाट दाखविली. १९९० मध्ये रॉखलिन यांनी ती लहरींच्या प्रकीर्णनाला लावली. खानापूर तालुक्यातील प्रत्येक घराने चिकोडी तालुक्यातील प्रत्येक घरी स्वतंत्र माणूस धाडला, तर रस्ते तुंबतील. टपाल खाते पत्रे गोळा करून एकच थैली पाठविते. वाटप तिकडे होते. दूरच्या तुकड्यांचे परिणामही असेच गटागटाने नेता येतात. शेजाऱ्यांचा हिशेब तेवढा समक्ष करावयाचा. पुढे इलिनॉय विद्यापीठात च्यू व सहकाऱ्यांनी गटांची उतरंड रचली. तेव्हापासून श्रम तुकड्यांच्या संख्येच्या वर्गाने न वाढता, त्या संख्येहून थोड्याच अधिक वेगाने वाढतात.

यंत्र नकोच, असे माझे म्हणणे नाही. ही रीतही फुकट मिळत नाही. किती अचूकता हवी हे आधी ठरवावे लागते आणि आज्ञावली लिहिताना घाम निघतो. परंतु संख्यात्मक गणित आपण परीक्षेपुरते घोकतो आणि प्रकल्पात तयार सॉफ्टवेअरचे रंगीत चित्र अहवालाला चिकटवितो. ते चित्र बरोबर कशावरून, हे कोणी विचारीत नाही.

म्हणून माझी एकच सूचना आहे. प्रत्येक अहवालात एक पान पद्धतीसाठी राखावे. काम दुप्पट झाल्यास हिशेब कितीपट वाढेल, हे त्यात लिहावे. आणि विमानाला हात लावण्यापूर्वी साधा गोल सोडवून पाहावा. त्याचे अचूक उत्तर गुस्ताव मी यांनी १९०८ सालीच देऊन ठेवले आहे. ते जुळले, तर नवे यंत्र खुशाल मागावे.