तळं आधीचं, किल्ला नंतरचा

मामांच्या ट्रंकेत सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा पिवळट पडलेला फोटो सापडला. पुढे सिद्धेश्वर तळ्याचं संथ पाणी, मागे बुरुजांची काळी रांग. आम्ही लहानपणापासून म्हणत आलो, किल्ल्याच्या पूर्वेला तळं आहे. फोटो बघताना वाटलं, हे उलटं आहे. तळं सिद्धरामेश्वरांनी खोदवलं अशी परंपरा सांगते. म्हणजे बसवेश्वरांचा काळ, १२वं शतक. दुहेरी तटाचा किल्ला बहामनी राजवटीतला मानतात, म्हणजे १४व्या शतकाच्या अलीकडचा. तळ्याच्या आधाराने किल्ला उभा राहिला. खंदक उरलेल्या तीन बाजूंना. आणि आत काय? उत्खननात उघडं पडलेलं देऊळ, आजच्या जमिनीपेक्षा खोल, कोरीव खांबांचं. या जागेची खरी सुरुवात मला त्या खांबांपाशी वाटते, बुरुजांपाशी नाही. मे १८१८मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, एवढंच आम्हाला शाळेत शिकवलं. देवळाबद्दल अवाक्षर नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. फोटोत ते देऊळ दिसत नाही, तट त्याला झाकून उभा आहे. रविवारी भाचीला घेऊन जाणार आहे. आधी तळ्याच्या काठावर, मग त्या खांबांपाशी.