एकशे सत्तर रुपयांचे बूट आणि मुलांचे पाय

शासकीय योजनांची चर्चा बहुधा रकमेभोवतीच फिरते. त्या रकमेतून प्रत्यक्षात कोणती वस्तू पदरात पडली, इकडे क्वचितच कोणी वळून पाहतो. राज्यातील शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला. दर विद्यार्थ्यामागे रक्कम ठरली १७० रुपये. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सेलू तालुक्यातील काळ्या चिखलातून शाळेत येणाऱ्या मुलाच्या पायाचे या बुटात काय होते, हे विचारणे अगत्याचे आहे.

पायमोज्यांचे पैसे वजा जाता उरलेल्या रकमेत बाजार जो बूट देऊ शकतो तो कृत्रिम चामड्याचा, निमुळत्या टोकाचा आणि ताठ तळाचाच असणार. पावसाळ्यात त्यात पाणी शिरते, मोजे दिवसभर ओले राहतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. प्राथमिक शाळेच्या वयात पाय दरवर्षी जवळजवळ एका मापाने वाढतो. जोडी मात्र वर्षाला एकच. म्हणून शहाणे आईबाप एक माप मोठे घेऊन टोकात कापूस कोंबतात. कापसाच्या मुलखात तेवढी एक वस्तू सहज मिळते! तोच बूट जूनमध्ये ढिला असतो आणि उन्हाळ्यापर्यंत घट्ट होऊन बसतो. आणखी एक विसंगती अशी की, हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०२२ पासून ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला होता. तो पुन्हा ५ टक्क्यांवर आला २२ सप्टेंबर २०२५ रोजी. म्हणजे योजना आखली गेली तेव्हा एका हाताने बूट देणारी व्यवस्था दुसऱ्या हाताने त्याच बुटावर वाढीव कर घेत होती.

पायाची रचना लक्षात घेतल्यावाचून या प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही. एका पावलात २६ हाडे असतात आणि ती स्नायू व अस्थिबंधांनी कमानीसारखी उचलून धरलेली असतात. ही कमान जन्मतः नसते. लहान मुलाचा तळवा सपाटच असतो. चालणे, धावणे, चवड्यावर उभे राहणे, बोटांनी जमीन धरणे या श्रमांतून ती हळूहळू घडते. ती कमकुवत राहिली तर पाऊल आत कलंडते, त्याबरोबर नडगी आत वळते, आणि गुडघा व कंबर यांवर वाकडा भार येऊ शकतो. पाठीच्या कण्याची काळजी वाहणारे पायथ्याकडे मात्र पाहत नाहीत.

मणिपाल येथील राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. त्यातही पुढून बंद असलेल्या बुटांत ते सर्वाधिक होते. सपाता व सँडल त्यामानाने निरुपद्रवी ठरल्या. सपाट तळवा म्हणजे रोग नव्हे आणि अशी बहुतेक मुले विनातक्रार वावरतात, हे खरे. तथापि, दिशा स्पष्ट आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा भारतीय पाऊल युरोपियनांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. त्यावरून ‘भा’ नावाची स्वदेशी मापपद्धती सुचविण्यात आली. साहेबाच्या मापात आपली बोटे कोंबण्याचा हा उद्योग स्वातंत्र्यानंतरही इतकी दशके चालला!

याचा अर्थ मुलांनी अनवाणी शाळेत यावे असा कोणी काढू नये. अनवाणी पायांचे कौतुक ज्यांना अनवाणी चालावे लागत नाही तेच करतात. पऱ्हाट्यांचे खुंट, बाभळीचे काटे, साप, ओल्या मातीतून त्वचेवाटे शिरणारे अंकुशकृमी आणि परभणी जिल्ह्यातील एप्रिल-मे महिन्यांची तापलेली जमीन, यांतून कापूस वेचणाऱ्या बाईचे आणि मोंढ्यातील हमालाचे पाय कसे भेगाळतात, हे सेलूकरांना सांगावयास नको. त्यांचे पाय हेच त्यांचे भांडवल असते आणि त्याचा घसारा कोणत्याही हिशेबवहीत धरला जात नाही. ‘पायीची वहाण पायीच बरी’ म्हणणाऱ्या समाजाने पायांनाही वहाणेच्याच पंक्तीला बसविले आहे.

तेव्हा वाद बूट की अनवाणी असा नाही. बोटांना पसरावयास जागा देणारी, मागे पट्टा असलेली, वाकणाऱ्या तळाची, धुऊन वाळविता येणारी सँडल याच मुलांना अधिक सोयीची ठरेल. काळा बूट म्हणजे शिस्त, ही समजूत पलटणीच्या कवायतीतून आलेली आहे. मराठवाड्याच्या हवामानाशी तिचा काडीचा संबंध नाही. वर्गात पादत्राणे बाहेर ठेवण्याची चाल अनेक शाळांत आहेच, ती मोडू नये. कवायतीच्या तासाला स्वच्छ केलेल्या मैदानावर अनवाणी लंगडी आणि खो-खो खेळू दिले, तर पावलांच्या व्यायामासाठी वेगळा खर्च पडणार नाही. टाचा उचलून चवड्यावर उभे राहणे, एका पायावर तोल सांभाळणे, बोटांनी फडके गोळा करणे हे तर घरीही जमेल.

आणि खरेदीपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने प्रत्येक मुलाला कागदावर उभे करून पावलाची लांबी व रुंदी पेन्सिलीने आखून घ्यावी, दिवाळीनंतर ती पुन्हा आखावी, आणि रक्कम त्या दोन कागदांवरून ठरावी.