गोळी द्यायची कोणी?

सूर्यमाळ हे थंड हवेचे ठिकाण म्हणून पर्यटकांना सांगितले जाते. मोखाडा तालुक्यातल्या याच माळावर शासकीय आश्रमशाळा आहे, आणि तिथली लेकरे हवा खायला आलेली नाहीत. ज्या लेकराला सिकलसेल आहे त्याला तर ही थंडी वैरीण. थंडी बाधली, अंगातले पाणी आटले, ताप चढला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा सुटतात.

अशा मुलाला रोज फॉलिक अॅसिडची गोळी लागते. अनेकांना हायड्रॉक्सीयुरियाही लागते, तीही न चुकता. त्याला वरचेवर पाणी हवे आणि लघवीलाही वारंवार जावे लागते. तास चालू असताना त्याला 'खाली बस' म्हणणारा गुरुजी नकळत आजारच वाढवतो. आणि ताप? प्लीहा निकामी झालेल्या मुलाचा ताप क्रोसिन देऊन गोधडीत झोपवण्याचा नसतो. तो त्याच घटकेला खोडाळ्याच्या आरोग्य केंद्रात किंवा जव्हारच्या कुटीर रुग्णालयात नेण्याचा असतो.

शहरातली आई दप्तरात चिठ्ठी घालते. मोखाड्यातली आई दिवाळीनंतर वीटभट्टीवर असते. म्हणजे आश्रमशाळेत आईबाप कोण? सरकार! हे पालकत्व सरकारने कसे निभावले, ते डॉ. सुभाष साळुंखे समितीच्या २०१६ च्या अहवालात दिसले. आधीच्या सुमारे पंधरा वर्षांत राज्यातल्या आश्रमशाळांत १,०७७ विद्यार्थी दगावले होते.

योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. २०१३ पासून बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा तपासतात. जंताच्या गोळीचाही दिवस ठरलेला आहे. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान निघाले. रक्त तपासले, कार्ड दिले, फोटो निघाले. पण रोजच्या गोळीचा 'दिवस' नसतो, म्हणून तिला वालीही नसतो. शाळेत सगळ्यांना आठवड्याला लोहाची गोळी वाटतात. ज्या मुलाला वारंवार रक्त चढवले आहे त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. त्याला ती डॉक्टरांना विचारूनच द्यायची, हे वाटणाऱ्याला कोणी सांगितले आहे काय?

'हा आदिवासींचा प्रश्न, आपले काय?' असे ज्यांना वाटते त्यांनी नागपूर, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या बौद्ध वस्त्यांत विचारून यावे. हा आजार तिथेही घरोघरी ठाऊक आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झालेला आहे. तेव्हा पाण्याची बाटली, लघवीची सुट्टी आणि वेळेवर गोळी ही मास्तरांची मेहेरबानी नव्हे. तो हक्क आहे.

प्रत्येक आश्रमशाळेत निवासी परिचारिका नेमा. तोवर औषधाची एक वही ठेवा. गोळी कोणाला, किती वाजता, कोणी दिली हे सहीनिशी लिहा, आणि प्रकल्प अधिकाऱ्याने ती दरमहा पाहावी. सुट्टी लागली की मूल आईबापामागे भट्टीवर जाते. तेव्हा त्याच्या पिशवीत किती दिवसांच्या गोळ्या घातल्या, तेही त्याच वहीत लिहिलेले असले पाहिजे.